डिटेक्टर नवा, पण पोहोच किती खोल?

प्रश्न : सोन्याचे खडे शोधण्यासाठी मी गेली बारा वर्षे पल्स पद्धतीचा एकच डिटेक्टर वापरतो आहे. त्यानंतर बाजारात आलेले प्रत्येक यंत्र आधीच्या यंत्रापेक्षा अधिक खोल जाते, असे जाहिरातींत लिहिलेले असते. एका जाहिरातीत तर ‘४० टक्क्यांपर्यंत अधिक खोल’ असा आकडाच दिला होता. दर वेळी एवढी भर पडत गेली असती, तर एव्हाना दोन-तीन मीटर खाली असलेले लहान खडेही सापडायला हवे होते. ही वाढ खरी आहे का, आणि मी यंत्र बदलावे का?

उत्तर : वाढ खरी आहे, पण ती आपण समजता त्या जागी झालेली नाही. पूर्वीच्या यंत्रांना न लागणारे सोने नव्या यंत्रांना लागते, याबद्दल शंका नको. मात्र त्यातले बहुतेक सोने फार खोलवरचे नसते. ते बारीक असते, खडबडीत किंवा छिद्राळ असते, नाहीतर लोहखनिजाने भरलेल्या मातीत दडलेले असते. मुठीएवढा भरीव खडा आपल्या जुन्या यंत्राला ज्या खोलीपर्यंत लागतो, त्याच्याखाली नवे यंत्र थोडेच उतरते. याचे कारण चुंबकीय क्षेत्राच्या स्वभावात आहे, त्यामुळे आधी तो समजून घेऊ.

डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यातून, निघालेले चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते, तेव्हा कॉइलपासून पुरेशा अंतरावर ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जाते. खड्यापर्यंत जे काही पोहोचते, त्याने खड्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे इवलेसे क्षेत्र कॉइलकडे परत येते. परतीच्या वाटेवरही ते पुन्हा अंतराच्या घनाच्याच प्रमाणात क्षीण होते. जाण्याचा आणि येण्याचा असा दोन्हीकडचा हिशेब एकत्र केला की संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. खोली दुप्पट झाली, तर संकेत अर्धा किंवा चतुर्थांश नव्हे, तर ६४ पटींनी दुबळा होतो. हेच गणित उलटे वाचले, तर यंत्राची संवेदनक्षमता दुप्पट केल्यावर खोलवरच्या खड्यासाठी पोहोच केवळ १२ टक्क्यांनी वाढते. एवढ्या १२ टक्क्यांसाठी अभियंत्यांना मोठे कष्ट घ्यावे लागतात, हे मी आदराने नमूद करतो. ४० टक्के वाढ हवी असेल, तर संवेदनक्षमता सुमारे साडेसात पट करावी लागेल. आपला दोन-तीन मीटरांचा हिशेब याच घाताशी येऊन अडतो.

आता ४० टक्क्यांच्या आकड्याकडे येतो. २०१५ मध्ये आलेल्या माइनलॅबच्या जीपीझेड ७००० या यंत्राबद्दल, त्याच कंपनीच्या आधीच्या जीपीएक्स ५००० च्या तुलनेत, असा दावा केला गेला होता. त्या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’ हा आहे. सर्व खड्यांना, सर्व मातींत आणि सर्व खोलींवर ४० टक्के, असे त्यात म्हटलेले नाही. अनुकूल खडा आणि अनुकूल जमीन असेल तेव्हा वाढ तिथवर जाऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ आहे. असा अनुकूल खडा बहुधा उथळ असतो, हे एका हिशेबाने दिसते. समजा, ११ इंची, म्हणजे सुमारे २८ सेंटीमीटर व्यासाच्या गोल कॉइलखाली १० सेंटीमीटरवर एक बारीक कण जेमतेम लागतो आहे. संवेदनक्षमता दुप्पट केली, तर तोच कण सुमारे १३ सेंटीमीटरवर लागेल, कारण कॉइलच्या इतक्या जवळ क्षेत्र अजून मंदगतीने कमी होत असते. म्हणजे पोहोच जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. तेच यंत्र, तीच कॉइल आणि तीच दुप्पट संवेदनक्षमता घेऊन ४० सेंटीमीटरवर जेमतेम लागणारा मोठा खडा पाहिला, तर तो सुमारे साडेपंचेचाळीस सेंटीमीटरवर लागेल; ही वाढ १४ टक्क्यांच्या आत आहे. पहिल्या उदाहरणातली मोठी टक्केवारी प्रत्यक्षात तीन सेंटीमीटरांची, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढी आहे. छापील टक्केवारी वाचताना ती कशाची टक्केवारी आहे आणि तिचे सेंटीमीटर किती होतात, हे दोन प्रश्न आपण जरूर विचारावेत.

सुधारणेचा खरा लाभ समजण्यासाठी तिचे माप खोलीऐवजी वजनात घ्यावे, असे मला वाटते. भरीव खड्याचा व्यास दुप्पट झाला की त्याचे वजन आठपट होते, आणि त्याचा संकेतही ढोबळमानाने तेवढाच वाढतो. त्यामुळे खोलवरच्या एका खड्यासाठी पोहोच ४० टक्क्यांनी वाढवणे आणि त्याच खोलीवर त्याच्या सुमारे एक अष्टमांश वजनाचा खडा टिपणे, या दोन्ही गोष्टींना जवळपास सारखीच संवेदनक्षमता लागते. जमिनीत मोठे खडे थोडे असतात आणि लहान खडे पुष्कळ असतात. म्हणून नव्या यंत्राची सुधारणा शोधकाच्या हातात पडते ती मुख्यतः त्याच थरातल्या लहान खड्यांच्या रूपाने. ती मोलाची आहे, फक्त तिला ‘खोली’ हे नाव देऊ नये.

दुसरी अडचण मातीची आहे, आणि प्रत्यक्ष क्षेत्रावर तीच अधिक निर्णायक ठरते. सोने सापडणाऱ्या पुष्कळ प्रदेशांतली माती लालभडक असते आणि तिच्यात मॅग्नेटाइट व मॅघेमाइट ही लोहखनिजे असतात. मॅघेमाइटचे अतिसूक्ष्म कण कॉइलचे क्षेत्र बंद झाल्यावरही लगेच शांत होत नाहीत. आपले चुंबकत्व ते हळूहळू सोडतात. यंत्र नेमके त्याच वेळी खड्याचा क्षीण संकेत ऐकत असते, त्यामुळे मातीचा आवाज खड्याच्या आवाजावर पसरतो. अशा जमिनीत नुसती शक्ती वाढवून काही साधत नाही, कारण प्रवाह दुप्पट केला की खड्याचा संकेत दुप्पट होतो आणि मातीचाही दुप्पटच होतो. मातीच्या आणि धातूच्या संकेतांचा विरत जाण्याचा ढंग वेगळा असतो, एवढ्याच आधारावर त्यांना निवडून काढावे लागते. ग्राउंड बॅलन्स म्हणतात ते हेच काम आहे, आणि गेल्या तीन दशकांतली खरी प्रगती मुख्यतः येथे झालेली आहे.

या दृष्टीने पाहिले, तर खोलीतली सर्वांत मोठी झेप अलीकडची नाहीच. सतत लहरी सोडणाऱ्या व्हीएलएफ, म्हणजे अतिनिम्न वारंवारतेच्या, यंत्रांना पाठवणे आणि ऐकणे एकाच वेळी करावे लागते, त्यामुळे खनिजयुक्त मातीत त्यांची पोहोच झपाट्याने आखडते. १९९५ मध्ये माइनलॅबचे एसडी २००० हे पल्स पद्धतीचे यंत्र आले. ते वेगवेगळ्या लांबीचे स्पंद सोडून, ते थांबल्यावर ऐकत असे आणि त्यांच्या तुलनेतून मातीचा भाग वजा करत असे. व्हीएलएफ यंत्रे ज्या लाल जमिनीवर हतबल होत, तिथे अशी यंत्रे चालू लागली. आपले बारा वर्षांपूर्वीचे यंत्र त्या झेपेच्या अलीकडचे, म्हणजे तिचा पूर्ण लाभ मिळालेले आहे. त्यानंतरची प्रत्येक पिढी त्याच कामात थोडी थोडी भर घालत आली आहे.

खोलीच्या चर्चेत मला नेहमी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातले दोन खडे आठवतात. ‘हँड ऑफ फेथ’ हा २७ किलोग्रॅमहून अधिक वजनाचा खडा १९८० मध्ये किंगोवरजवळ त्या काळच्या मेटल डिटेक्टरने सापडला, आणि तो सुमारे ३० सेंटीमीटर खोलीवर होता. डिटेक्टरने सापडलेला त्याहून मोठा खडा आजवर नोंदला गेलेला नाही. त्याच राज्यात मोलियागुल येथे १८६९ मध्ये सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ तर जमिनीच्या जेमतेम तीन सेंटीमीटर खाली होता. त्या वेळी डिटेक्टर अस्तित्वातच नव्हते. सोने किती खोल असेल, हे झीज, पाण्याचा प्रवाह आणि खडकाची पातळी ठरवतात, आणि पुष्कळ ठिकाणी खडक इतका वर असतो की त्याच्यावरची सगळी माती जुन्या यंत्राच्याही आवाक्यात येते.

आता यंत्र बदलण्याविषयी. आपल्या क्षेत्रात खडे एक ग्रॅमहून लहान असतील, माती तापट, म्हणजे लोहखनिजाने भरलेली असेल, किंवा जुन्या यंत्राच्या वजनामुळे दोन तासांत खांदा भरून येत असेल, तर नवे यंत्र जरूर घ्यावे. खांद्याची गोष्ट मी सहज म्हणून लिहिलेली नाही. थकलेला हात कॉइल जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर वर उचलून फिरवतो आणि तेवढीच खोली सरळ वाया जाते. वरच्या हिशेबातून दिसेल की हे नुकसान एका संपूर्ण नव्या पिढीच्या कमाईएवढे आहे. परंतु फक्त मोठे खडे अधिक खोलीवरून मिळावेत, एवढ्याच आशेने आपण यंत्र बदलणार असाल, तर मी आपल्याला तसे सुचवणार नाही.

प्रश्न : ज्या जागा जुन्या यंत्रांनी अनेकदा विंचरून काढल्या आणि जिथे काही उरले नाही असे सगळे म्हणत, तिथेच नव्या यंत्रांनी सोने निघते. हा अधिक खोलीचा पुरावा नव्हे काय?

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने एक गोष्ट मोजली होती का, ते मला जाणून घ्यायला आवडले असते : खडा निघाला तेव्हा खड्ड्याची खोली किती होती? अशा ठिकाणी निघालेल्या खड्यांचे खड्डे पुष्कळदा पसाभर खोलही नसतात. तेवढी खोली जुन्या यंत्रालाही सहज पार करता येत होती, तरी तो खडा त्याला लागला नाही, याचे कारण वेगळे आहे.

खड्यातला भोवरा प्रवाह किती काळ टिकतो, हे खड्याच्या आकारावर आणि वाहकतेवर अवलंबून असते. भरीव खड्याचा व्यास दुप्पट झाला, तर हा काळ सुमारे चौपट होतो. बारीक, चपट्या किंवा गारगोटीत जाळीसारख्या विखुरलेल्या सोन्यात प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच विरून जातो. पल्स पद्धतीच्या यंत्राला स्पंद थांबवल्यावर स्वतःच्याच कॉइलमधली खळबळ निवण्याची वाट पाहावी लागते, आणि जुनी यंत्रे ऐकू लागत तोवर अशा सोन्याचा आवाज संपलेला असे. २०२१ मध्ये आलेल्या जीपीएक्स ६००० सारखी यंत्रे बारीक सोन्यावर इतकी तल्लख आहेत, याचे श्रेय लवकर आणि स्वच्छ ऐकण्याच्या कौशल्याला मोठ्या प्रमाणावर जाते.

याखेरीज एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मातीचा संकेत वजा करताना यंत्र वेगवेगळ्या क्षणी घेतलेल्या नोंदी एका विशिष्ट प्रमाणात एकमेकींतून वळती करते. ज्या खड्याचा संकेत योगायोगाने नेमक्या त्याच प्रमाणात विरत असतो, तो खडा मातीबरोबरच वजा होतो. म्हणजे प्रत्येक पल्स यंत्राच्या दृष्टीत एक आंधळी पट्टी असते, आणि तिच्यात बसणारा खडा उथळ असूनही दुबळा वाजतो किंवा वाजतच नाही. अनुभवी शोधकांना ही पट्टी आवाजावरून ओळखता येते : तिच्या एका बाजूचे खडे आधी चढा आणि मग उतरता सूर देतात, दुसऱ्या बाजूचे खडे आधी उतरता आणि मग चढा. नव्या यंत्राची नोंदी घेण्याची रीत वेगळी असल्याने त्याची आंधळी पट्टी दुसरीकडे पडते, आणि जुन्या पट्टीत वर्षानुवर्षे सुरक्षित राहिलेले मध्यम आकाराचे खडे एकदम वाजू लागतात. जीपीझेड ७००० मध्ये तर स्पंद सोडून थांबण्याऐवजी प्रवाह स्थिर ठेवून, त्याची दिशा आलटून-पालटून ऐकण्याची रीत आहे, त्यामुळे त्याला दिसणारे चित्रच काहीसे निराळे असते. जुन्या जागेवरची नवी कमाई याने बऱ्याच अंशी उलगडते. उरलेली कमाई पुष्कळदा संथ चालीची असते : नवे यंत्र हातात आले की माणूस कॉइल सावकाश फिरवतो, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवतो आणि पुसटशा आवाजालाही खणून पाहतो.

प्रश्न : जुन्या यंत्राला मोठी कॉइल लावली, तर नव्या यंत्राचे काम भागेल का?

उत्तर : मोठ्या खड्यांपुरते बोलायचे, तर बहुधा भागेल, आणि खोलीसाठी हाच अधिक सरळ मार्ग आहे. ठरावीक प्रवाहाच्या गोल कॉइलचे क्षेत्र एखाद्या खोलीवर सर्वाधिक केव्हा असते, याचा हिशेब केला, तर कॉइलची त्रिज्या त्या खोलीच्या सुमारे १.४ पट असताना, असे उत्तर येते. पण त्याची किंमत मोजावी लागते. मोठी कॉइल लहान कणांना मुकते, अधिक माती आणि वातावरणातला अधिक विद्युत गोंगाट ऐकते, जड असते आणि झुडपांत फिरवता येत नाही. माझ्या मते लहान कॉइलने एखाद्या जागी दोन-चार खडे मिळाले की मगच त्याच जागेवर मोठी कॉइल संथपणे फिरवावी. मोकळ्या रानात तिने शोध सुरू करू नये.

प्रश्न : काही उपकरणांना कॉइल नसते, नुसती अँटेना असते, आणि ती कित्येक मीटर खोल असलेले सोने दुरूनच दाखवतात असे सांगितले जाते. ती घ्यावीत का?

उत्तर : घेऊ नयेत. वर सांगितलेला सहाव्या घाताचा नियम त्यांच्यासाठी शिथिल होत नाही, आणि सोन्याचा अणू दुरून ओळखता येईल असा कोणताही संकेत स्वतःहून सोडत नाही. मुठीत धरलेली अँटेना मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने फिरते. याच जातीचे एडीई ६५१ हे उपकरण स्फोटके ओळखणारे म्हणून विकले गेले होते, आणि ते विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या उपकरणावर विसंबून लोकांचे प्राण धोक्यात आले. सोन्याच्या शोधात पैसे आणि वर्षे जातात, आणि तेही मला क्षुल्लक वाटत नाही.

प्रश्न : दोन यंत्रांची तुलना घरच्या घरी कशी करावी? हवेत खडा धरून कॉइलपुढे नेला, तर खोली कळते का?

उत्तर : हवेतली चाचणी यंत्र चालू आहे एवढेच सांगते. तिच्यात माती नसते, आणि मातीशी झुंजण्यातच यंत्राची खरी कसोटी असते. खड्डा खणून त्यात खडा पुरणेही पुरेसे नाही, कारण उकरलेली माती सैल होते, तिचे थर मिसळतात आणि यंत्राला ती आसपासच्या अखंड जमिनीसारखी दिसत नाही.

मी पुढील रीत वापरतो. बांध, चर किंवा ओढ्याचा काठ अशी उभी कड शोधावी आणि वरच्या पृष्ठभागापासून २५ सेंटीमीटर खाली, कडेतून आडवे, हातभर लांबीचे अरुंद भोक पाडावे. भोकाच्या वरची माती त्यामुळे अखंड राहते. प्लास्टिकच्या काठीच्या टोकाला खडा चिकटवावा; खडा नसेल, तर हातोडीने चपटा केलेला शिशाचा छर्रा चालतो. काठी पूर्ण आत सरकवून वरून कॉइल फिरवावी, थ्रेशोल्डची, म्हणजे खाली काही नसतानाही यंत्रात चालू असणारी, सलग गुणगुण कुठे किंचित वाकते ते ऐकावे, आणि मग ३०, ३५ सेंटीमीटरवर नवी भोके पाडून हेच पुन्हा करावे. दोन्ही यंत्रे एकाच दिवशी, त्याच जागी, शक्यतो सारख्याच आकाराच्या कॉइलने तपासावीत आणि प्रत्येकाचा ग्राउंड बॅलन्स तिथल्याच मातीवर करून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काठी सरकवण्याचे काम दुसऱ्या माणसाकडे द्यावे. प्रत्येक फेरीआधी त्याने नाणे उडवावे; छाप आली तर खडा लावलेली काठी आत घालावी, काटा आला तर तशीच पण खडा नसलेली काठी घालावी, आणि आपल्याला काही सांगू नये. कॉइल फिरवणाऱ्याने त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे आणि प्रत्येक फेरीला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणावे. अशा वीस फेऱ्या झाल्या की दोघांच्या नोंदी जुळवून पाहाव्यात. खडा खाली आहे हे ठाऊक असले की कानाला तो ऐकू येतोच, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे : ३५ सेंटीमीटरवर मला ‘स्पष्ट’ वाटलेला सूर पाठ फिरवल्यावर वीसपैकी अकरा वेळाच बरोबर निघाला, म्हणजे अंदाजाने बोलून जेवढे जमले असते जवळपास तेवढेच. वीसपैकी सतरा-अठरा उत्तरे बरोबर येतील तीच त्या यंत्राची, त्या मातीतली आणि त्या खड्यासाठीची खोली धरावी. नवे यंत्र विकत घेण्याआधी ते एक दिवस उसने मिळत असेल, तर हा दिवस त्या वीस फेऱ्यांसाठीच राखून ठेवावा.